सांडपाण्याच्या तोंडाशी सापडलेले औषध

ताप तीन-चार दिवसांत उतरला नाही, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा 'सेफ' या अक्षरांनी सुरू होणारे एखादे नाव येते. सेफॅलेक्सिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिआक्झोन. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्णाला घेण्याआधी शिरेतून जे इंजेक्शन देतात, तेही बऱ्याचदा याच कुळातले असते. औषधाच्या दुकानातली एक आख्खी फळी या कुळाने व्यापलेली असते. पण या कुळाचा मूळपुरुष कोण, असे विचारले तर केमिस्टच काय, पुष्कळ डॉक्टरही क्षणभर थबकतात. पेनिसिलीन म्हटले की फ्लेमिंग, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. सेफॅलोस्पोरिन म्हटले की मात्र समोर कोणताच चेहरा उभा राहत नाही.

मी अनेक वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. प्रतिजैविकांचा पाठ दरवर्षी यायचा आणि दरवर्षी या औषधाच्या जन्मकथेसाठी पाठ्यपुस्तकात जेमतेम दोन ओळी सापडायच्या. भूमध्य समुद्रातले एक बेट, सांडपाण्याचा एक नळ आणि एक इटालियन प्राध्यापक. त्या दोन ओळींमागे माणूस केवढा होता, हे मला पुढे हळूहळू वाचत गेल्यावर कळले. त्या माणसाचे नाव जुझेप्पे ब्रोत्झू. आपल्याकडे ते अपरिचित असले, तरी सार्डिनिया बेटावर ते नाव घेतले नाही असा दिवस जात नसेल. कारण काल्यारी या तिथल्या राजधानीतले मोठे रुग्णालयच त्यांच्या नावाने ओळखले जाते.

हिवतापाचे बेट

ब्रोत्झू यांचा जन्म २४ जानेवारी १८९५ रोजी सार्डिनियातील गिलार्झा या लहानशा गावी झाला. इटलीतील थोर मार्क्सवादी विचारवंत अंतोनियो ग्रामशी यांचे बालपण याच गावात गेले. ग्रामशी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे. एका गावात वाढलेल्या या दोन मुलांपैकी एक पुढे मुसोलिनीच्या तुरुंगात खितपत पडला आणि दुसरा विद्यापीठाच्या उच्चासनावर बसला. एकाच मातीतून किती वेगळी आयुष्ये उगवतात याचा हा नमुना.

सार्डिनिया हे त्या काळी हिवतापाचे बेट होते. प्राचीन रोममध्ये नकोशा माणसांची रवानगी तिथे होत असे, ती काही हवापालटासाठी नव्हे. दलदल, डास, दारिद्र्य आणि त्यांच्या जोडीला दूषित पाणी. अशा ठिकाणी वाढलेल्या आणि वैद्यक शिकलेल्या तरुणासमोर दोन वाटा असतात. एक तर मोठ्या शहरात जाऊन दवाखाना थाटायचा, नाहीतर रोग जिथून येतो तिथेच त्याला गाठायचे. काल्यारीत वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर ब्रोत्झू यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी 'हायजिन' म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा विषय निवडला. त्यासाठी ते मुख्य भूमीवर गेले आणि सिएना, बोलोन्या, मोदेना अशा ठिकाणी शिकत व शिकवत राहिले. १९३० च्या दशकाच्या मध्यास ते आपल्या बेटावर परतले ते काल्यारी विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक म्हणून.

या विषयाला वैद्यकात फारशी प्रतिष्ठा नसते, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. शस्त्रवैद्याच्या हातून माणूस वाचला की घरचे त्याच्या पाया पडतात. पण नळाला शुद्ध पाणी आल्यामुळे जो आजारीच पडला नाही, तो कुणाचे आभार मानणार? आरोग्यशास्त्राच्या माणसाचे सारे यश असे अदृश्य असते. पाण्याचे नमुने, गटारांचे उतार, डासांच्या अळ्या आणि मृत्यूच्या नोंदवह्या हेच त्याचे विश्व.

महायुद्धाच्या वर्षांत ब्रोत्झू विद्यापीठाचे रेक्टर होते. तो काळ मुसोलिनीचा. अशी पदे राजवटीची मर्जी सांभाळल्याशिवाय मिळत नसत, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही आणि वगळूही नये. थोर माणसांची चरित्रे धुऊन-पुसून लिहायची आपल्याला फार सवय आहे. ब्रोत्झू वीरपुरुष नव्हते. ते आपल्या काळात राहून आपले काम करत राहिलेले एक प्राध्यापक होते आणि त्यांच्या कामाचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

समुद्राचे कोडे

१९४३ च्या फेब्रुवारी ते मे या महिन्यांत दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी काल्यारीवर बॉम्ब टाकले. शहराची धूळधाण झाली, लोक खेड्यापाड्यांत पांगले. युद्ध संपत आले तेव्हा माणसे परतू लागली ती पडक्या घरांत आणि त्यांच्या पाठोपाठ आला विषमज्वर. आपल्या जुन्या भाषेत मुदतीचा ताप. मैल्यातून पाण्यात, पाण्यातून पोटात आणि पोटातून पुन्हा मैल्यात असा या जंतूचा फेरा असतो. ज्या गावची गटारे आणि नळ एकमेकांना भेटतात, त्या गावात तो मुक्कामाला असतो.

याच सुमारास पेनिसिलीनची कीर्ती इटलीपर्यंत पोचली होती. फ्लेमिंग यांनी १९२८ साली पाहिलेल्या बुरशीतून ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी औषध बाहेर काढले होते आणि युद्धात त्याने हजारो सैनिकांचे प्राण वाचवले होते. पण पेनिसिलीनला एक मर्यादा होती. पू करणाऱ्या जंतूंवर ते रामबाण होते, विषमज्वराच्या जंतूवर मात्र त्याचा उपयोग होत नसे. ब्रोत्झू यांना हवे होते ते नेमके या दुसऱ्या शत्रूवरचे शस्त्र.

आता ते शोधायचे कुठे? इथे त्यांच्या आरोग्यशास्त्राने त्यांना हात दिला. काल्यारीच्या बंदराजवळ सू सिक्कू नावाच्या भागात शहराचे सांडपाणी समुद्रात सोडलेले होते. तिथे शहरातली पोरे खुशाल पोहत आणि तरी त्यांना विषमज्वर होत नसे, अशी हकीकत सांगतात. ती किती खरी हे बाजूला ठेवू. पण आरोग्यशास्त्रज्ञांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. सांडपाणी समुद्रात पडल्यावर त्यातले रोगजंतू हळूहळू कमी होत जातात, पाणी आपले आपण शुद्ध होते. ऊन, खारटपणा आणि पाण्यात विरून जाणे ही त्याची नेहमीची कारणे. ब्रोत्झू यांच्या मनात आणखी एक कारण आले. त्या पाण्यातलाच एखादा सूक्ष्मजीव दुसऱ्या जंतूंना मारत असेल तर? मारत असेल, तर त्याच्याजवळ तसे द्रव्य असणार. आणि तसे द्रव्य असेल, तर ते औषध होऊ शकेल.

मला या शोधातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते ती ही. फ्लेमिंग यांच्या काचेच्या तबकडीवर बुरशी आपण होऊन येऊन पडली होती. थोर नजर असल्यामुळे त्यांनी ती ओळखली. ब्रोत्झू यांच्याकडे योगायोग आला नाही. त्यांनी आधी प्रश्न तयार केला, मग उत्तर कुठे असेल ते ठरवले आणि मग बाटली घेऊन तिथे गेले. ज्या ठिकाणी कुणीही नाकाला रुमाल लावून पुढे जाईल, तिथे ते थांबले.

जुलै १९४५ मध्ये त्या नळाजवळच्या पाण्याचे नमुने त्यांनी प्रयोगशाळेत वाढवले. वाढलेल्या अनेक वस्त्यांतून एक बुरशी वेगळी केली. तिचे तेव्हाचे नाव सेफॅलोस्पोरियम अॅक्रेमोनियम. (आता वर्गीकरणकारांनी तिचे नाव अॅक्रेमोनियम क्रायसोजेनम असे बदलले आहे.) या बुरशीच्या वाढीजवळ दुसरे जंतू वाढत नव्हते. पू करणारे स्टॅफिलोकॉकस हटत होते, आणि मुख्य म्हणजे विषमज्वराचे जंतूही हटत होते. पेनिसिलीनला जे जमले नव्हते ते इथे दिसत होते.

दारिद्र्यातले संशोधन

पुढची तीन वर्षे ब्रोत्झू आणि त्यांचे सहकारी या बुरशीच्या मागे लागले. बॉम्बहल्ल्यातून सावरणाऱ्या शहरात आणि रिकाम्या तिजोरीच्या विद्यापीठात हे काम चालले होते. बुरशीचा अर्क काढायचा, गाळायचा, होईल तितका घट्ट करायचा. तो रुग्णांवर वापरूनही पाहिला. गळवांमध्ये थेट टोचला, विषमज्वर आणि ब्रुसेलोसिसच्या रुग्णांना इंजेक्शनाने दिला. काही रुग्णांत चांगला गुण दिसला. आजच्या नियमांच्या चष्म्यातून पाहिले तर अंगावर काटा येईल, कारण अर्क अशुद्ध होता. पण हाताशी दुसरे काहीच नसताना केलेले ते धाडस होते.

अडचण होती ती पुढे. अर्कातले नेमके द्रव्य वेगळे करायला रसायनतज्ज्ञ हवेत, यंत्रे हवीत, शेकडो लिटर बुरशी वाढवायला टाक्या हव्यात. यांतले काल्यारीत काहीही नव्हते. इटलीत मदत मिळवण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले. अखेर १९४८ साली ब्रोत्झू यांनी आपले सारे निष्कर्ष एका पुस्तिकेत छापले. ती कुठल्या नामांकित नियतकालिकात आली नाही. त्यांच्या आरोग्यशास्त्र संस्थेनेच काढलेल्या प्रकाशनात आली, तीही इटालियन भाषेत. म्हणजे ती जगाच्या नजरेस पडण्याची शक्यता जवळजवळ शून्य.

दुर्दैव असे, की त्याच १९४८ साली क्वालालंपूर येथे अमेरिकन डॉक्टरांनी विषमज्वराचे रुग्ण क्लोरॅम्फेनिकॉल या नव्या औषधाने बरे करून दाखवले. व्हेनेझुएलातल्या मातीतील जंतूपासून मिळालेले हे औषध. आपल्याकडच्या मागच्या पिढीला ते क्लोरोमायसेटीन या नावाने आठवत असेल. एकवीस-एकवीस दिवस पेजेवर काढायचा मुदतीचा ताप आता कॅप्सूलने काही दिवसांत उतरू लागला. ज्या रोगासाठी ब्रोत्झू समुद्राकडे गेले, त्या रोगावर औषध दुसऱ्याच दिशेने येऊन पोचले होते.

दुसरा कुणी असता तर त्याने पुस्तिका कपाटात ठेवून दिली असती. किंवा याच्या उलट, कधीतरी पैसा मिळेल या आशेने बुरशी कुलपात ठेवली असती. ब्रोत्झू यांनी दोन्ही केले नाही. युद्धाच्या अखेरीस सार्डिनियात ब्लाइथ ब्रूक नावाचे एक ब्रिटिश आरोग्याधिकारी काम करून गेले होते. ब्रोत्झू यांनी त्यांना आपल्या कामाची माहिती कळवली. ब्रूक यांनी लंडनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलकडे विचारणा केली, तिथून ऑक्सफर्डच्या फ्लोरी यांचे नाव पुढे आले. सप्टेंबर १९४८ मध्ये ब्रोत्झू यांची बुरशी ऑक्सफर्डला पोचली. पेटंट नाही, करार नाही, पुढच्या नफ्यातला वाटा नाही. आपल्याला जे पुरे करता येत नाही ते ज्याला येईल त्याच्या हाती द्यावे, एवढाच हिशेब.

ऑक्सफर्डची तीन अक्षरे

ऑक्सफर्डमध्ये हे काम एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांच्याकडे आले. अब्राहम हे पेनिसिलीनच्या मूळ चमूतले रसायनतज्ज्ञ. बुरशीच्या रसात एक नव्हे, अनेक द्रव्ये आहेत असे त्यांना आढळले. पहिल्याला त्यांनी 'पी' हे अक्षर दिले. ते विषमज्वराच्या जंतूवर चालेना. दुसरे 'एन'. ब्रोत्झू यांनी जो गुण पाहिला होता तो मुख्यतः या 'एन'चा. पण त्याची रचना उलगडत गेली तेव्हा ते पेनिसिलीनचेच भावंड निघाले. झाले, कथा इथेच संपायची.

ती संपली नाही, कारण १९५३ साली 'एन' शुद्ध करत असताना त्याच्यासोबत आलेले आणखी एक द्रव्य न्यूटन आणि अब्राहम यांच्या नजरेस पडले. अगदी थोडेसे, आणि ताकदीनेही दुबळे. त्याला नाव मिळाले सेफॅलोस्पोरिन 'सी'. या दुबळ्या द्रव्याचा एक गुण मात्र विलक्षण होता. पेनिसिलीन फोडून टाकणाऱ्या जंतूंना ते दाद देत नव्हते.

याचे महत्त्व कळायला थोडे मागे जावे लागेल. जंतूच्या पेशीभोवती एक भक्कम भिंत असते. ती सतत बांधली जाते, आणि तिचे धागे एकमेकांना जोडणारे गवंडी म्हणजे काही विकरे. पेनिसिलीनच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे असते, ज्याला बीटा-लॅक्टम म्हणतात. हे कडे गवंड्याच्या हातात अडकून बसते, भिंत जोडली जात नाही आणि जंतू फुटून मरतो. यावर जंतूंनी उतारा काढला. हे कडेच तोडणारे पेनिसिलिनेझ नावाचे विकर ते सोडू लागले. या विकराचे अस्तित्व १९४० साली जगापुढे मांडणाऱ्या दोघांत चेन यांच्या जोडीला हेच अब्राहम होते. १९५० च्या दशकात रुग्णालयांमधून पेनिसिलीनला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस माजले होते. अशा वेळी तेच कडे असलेले, पण त्या विकरापुढे टिकणारे द्रव्य हाती लागणे म्हणजे काय, हे अब्राहम यांच्याइतके दुसऱ्या कुणाला कळणार?

१९५९ पर्यंत त्या दोघांनी या रेणूची रचना निश्चित केली. पेनिसिलीनमध्ये चार अणूंच्या कड्याला पाच अणूंचे कडे जोडलेले असते. इथे ते सहा अणूंचे होते. डोरोथी हॉजकिन यांच्या क्ष-किरण अभ्यासाने १९६१ साली त्यावर शिक्कामोर्तब झाले. मग औषध कंपन्यांच्या रसायनतज्ज्ञांनी रेणूचा गाभा तसाच ठेवून त्याच्या बाजूच्या साखळ्या बदलल्या आणि दुबळ्या 'सी'पासून जोरकस औषधे तयार केली. १९६४ साली अमेरिकेतील लिली कंपनीचे सेफॅलोथिन आणि इंग्लंडातील ग्लॅक्सोचे सेफॅलोरिडिन वापरात आले. त्यानंतर या कुळाच्या पिढ्यांवर पिढ्या निघाल्या. सू सिक्कूच्या नळावरची बुरशी रुग्णालयांत पोचायला एकोणीस वर्षे लागली.

पेनिसिलीनचे पेटंट न घेतल्याने इंग्लंडचे मोठे नुकसान झाले, ही सल तिथे ताजी होती. म्हणून या वेळी पेटंटे घेतली गेली आणि त्यांतून प्रचंड पैसा आला. अब्राहम यांनी आपल्या वाट्यातून संशोधनासाठी मोठे न्यास उभे केले. त्या पैशावर ऑक्सफर्डमधले संशोधन आजही चालते. हे त्यांचे औदार्य निर्विवाद आहे. तरीही वाचताना मन थोडे अडखळते. ज्या गरीब विद्यापीठाकडे एक टाकी घ्यायला पैसे नव्हते, त्याच्या बुरशीवर एका श्रीमंत विद्यापीठाचे न्यास उभे राहिले. यात कुणी कुणाला फसवले नाही. ब्रोत्झू यांनी जी बुरशी दिली, तिच्यातले 'सी' हे द्रव्य त्यांनी कधी पाहिलेही नव्हते. तथापि ती बुरशी नसती तर 'सी'ही नसते, हेही तितकेच खरे. ज्ञानाच्या व्यवहारात मुद्दल एकाचे आणि व्याज दुसऱ्याचे असे किती वेळा घडते, हे आपल्या देशातल्या संशोधकांनी तरी विसरू नये.

नगराध्यक्ष ब्रोत्झू

या सगळ्या काळात ब्रोत्झू काय करत होते? हातून निसटलेल्या कीर्तीचा शोक करत बसले नव्हते, एवढे नक्की. १९४६ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने सार्डिनियात हिवतापाविरुद्ध डीडीटी फवारणीची अवाढव्य मोहीम चालली. बेटाच्या आरोग्याची सूत्रे सांभाळणाऱ्यांत तेव्हा ब्रोत्झू होते. त्या मोहिमेत डासाची जात नामशेष झाली नाही, पण शतकानुशतकांचा हिवताप मात्र बेट सोडून गेला. पुढे ते ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षातर्फे राजकारणात आले. १९५५ ते १९५८ या काळात ते सार्डिनिया प्रदेशाचे अध्यक्ष होते, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे. १९६० ते १९६७ अशी सात वर्षे ते काल्यारीचे महापौर होते. ज्या शहराच्या गटाराने त्यांना औषध दिले, त्याच शहराच्या गटारांचा कारभार त्यांच्या हाती आला.

काही जण म्हणतील, संशोधकाने राजकारणात जाऊन प्रतिभा वाया घालवली. मला तसे वाटत नाही. आरोग्यशास्त्र आणि नगरपालिका यांत फारसे अंतर नाही. पाणी शुद्ध करण्याचे काम प्रयोगशाळेत ठरते आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात होते. १९७१ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने ब्रोत्झू यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. ८ एप्रिल १९७६ रोजी काल्यारीतच त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांच्या बुरशीच्या वंशजांनी जगभर किती जीव वाचवले, याची मोजदाद कुणी ठेवली नव्हती, आणि ठेवता येणारही नव्हती.

समुद्राच्या पोटात

ब्रोत्झू यांच्या शोधाने समुद्राकडे पाहण्याची नजर बदलली. ती बुरशी मूळची समुद्रातली की गटाराबरोबर वाहत आलेली, यावर अभ्यासक वाद घालतात. पण खाऱ्या पाण्यात औषध सापडू शकते ही गोष्ट तिने पटवली. १९५० च्या सुमारास अमेरिकेत वेर्नर बेर्गमान यांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील एका समुद्रस्पंजातून अनोखी द्रव्ये काढली. त्यांच्या धर्तीवर तयार झालेले सायटॅराबिन हे औषध रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरात आहे. स्पंज हा प्राणी एका जागी रुतून बसलेला. त्याला पळता येत नाही, चावता येत नाही, अंगावर कवच नाही. आणि दिवसभर तो जंतूंनी भरलेले पाणी शरीरातून गाळत असतो. रसायनांखेरीज त्याला दुसरे संरक्षण कोणते? पालाऊ बेटांजवळच्या एका स्पंजातून १९८० साली मॅनोअॅलाइड हे जंतुरोधक द्रव्य मिळाले, तशी पुढे कितीतरी मिळाली. पुष्कळदा ही रसायने स्पंज स्वतः बनवतच नाही, त्याच्या शरीरात वस्तीला असलेले सूक्ष्मजीव बनवतात. गोव्याला दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही अशा सागरी द्रव्यांवर काम झालेले आहे.

मात्र स्पंजातून निघालेले एकही जीवाणूनाशक औषध अजून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलेले नाही. अडचण ब्रोत्झू यांची होती तीच. द्रव्य चिमूटभर मिळते, आणि चिमटीपासून बाटलीपर्यंतचा रस्ता अतिशय लांब आणि खर्चाचा असतो. त्यात प्रतिजैविक हे आठ-दहा दिवस घ्यायचे औषध. जन्मभर घ्यायच्या गोळीइतका त्यात नफा नाही, म्हणून कंपन्याही या रस्त्याने जाईनाशा झाल्या आहेत.

फेरा पुरा झाला

आता या कथेचा शेवटचा भाग, जो आपल्या दाराशी आला आहे. क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणारा विषमज्वर १९७२ साली केरळात कालिकत येथे उद्भवला. १९९० च्या आसपास देशभर अनेक जुनी औषधे एकदमच निकामी ठरू लागली. त्यानंतरची काही वर्षे सिप्रोफ्लॉक्सॅसिनने निभावली, मग तेही लंगडे पडले. तेव्हा विषमज्वराच्या रुग्णाला वाचवायला पुढे आले ते सेफ्ट्रिआक्झोन आणि सेफिक्झिम. म्हणजे ज्या रोगासाठी ब्रोत्झू यांनी ती बुरशी उचलली होती, त्या रोगावर तिचे वंशज पन्नासेक वर्षांनी कामी आले. १९४८ साली हुकलेली गाठ अशी पडली.

पण २०१६ च्या अखेरीस पाकिस्तानातील सिंध प्रांतात, हैदराबाद शहरात, सेफ्ट्रिआक्झोनलाही दाद न देणाऱ्या विषमज्वराची साथ सुरू झाली. त्या जंतूने हे सामर्थ्य स्वतः कमावले नव्हते. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूंमध्ये आढळणारे, सेफॅलोस्पोरिन फोडणारे जनुक त्याच्याकडे आयते आले होते. अशी देवाणघेवाण कुठे होते? माणसाच्या आतड्यात, आणि जिथे लाखो माणसांच्या आतड्यांतले जंतू व औषधांचे उरलेसुरले अंश एकत्र येतात, त्या सांडपाण्यात. ज्या जागी औषध सापडले, तशाच जागी आता त्याचा उतारा तयार होतो आहे.

यात आपला हातभार थोडा नाही. सर्दी-पडशाला प्रतिजैविकाचा काडीइतकाही उपयोग नसतो. तरी दुकानातून दोन गोळ्या सुट्या घेऊन खायची आपली रीत आहे. बरे वाटले की उरलेल्या डब्यात जातात. १ मार्च २०१४ पासून आपल्याकडे 'शेड्यूल एच-१' लागू झाले. सेफिक्झिम, सेफ्ट्रिआक्झोन यांसारखी औषधे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि विकल्याची वहीत नोंद ठेवायची, असा हा नियम. नियम चांगला आहे. तो किती पाळला जातो हे प्रत्येकाने आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात पाहावे.

एक गोष्ट मात्र मन सुखावणारी घडली. २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने विषमज्वराची नवी संयुक्त लस आपल्या हद्दीतील मुलांना सार्वजनिक मोहिमेतून टोचली. सरकारी यंत्रणेने ही लस अशा रीतीने देण्याची ही जगातली पहिली वेळ होती. ती दिली एका महापालिकेने, हे मला विशेष वाटते. काल्यारीच्या त्या जुन्या महापौरांना ही बातमी आवडली असती.

कारण ब्रोत्झू यांच्या आयुष्याचा मथितार्थ, मला लागला तो असा. औषध हा त्यांच्या कामातला एक टप्पा होता. त्यांचे खरे काम होते ते माणसाच्या मैल्याने माणसाच्या पाण्याला भेटू नये हे पाहणे. औषधे येतात आणि झिजतात. क्लोरॅम्फेनिकॉल झिजले, सिप्रोफ्लॉक्सॅसिन झिजले, सेफ्ट्रिआक्झोन झिजू लागले आहे. समुद्राच्या तळाशी एखाद्या स्पंजात पुढचे औषध असेलही. ते येईल तेव्हा येईल आणि आल्यावर त्यालाही आपण असेच उधळू. शुद्ध पाण्याला प्रतिकार करणारा जंतू मात्र अजून जन्माला आलेला नाही. आपल्या गावाचे सांडपाणी कुठे जाते आणि पिण्याचे पाणी कुठून येते, हे दोन प्रश्न आपण आपल्या नगरसेवकाला शेवटचे केव्हा विचारले?